धाकलूची वही

बामणोलीच्या धक्क्यावर धाकलू संकपाळ
माणसांआधी सामान मोजतो.
शाळेची अर्धी वही, कानावर पेन्सिल.
बाटल्या अकरा. पुडे चोवीस.
गॅसचा डबा एक. लंगोट सहा.
"लंगोट नाही, डायपर," माझा नवरा म्हणतो.
"तेच ते," म्हणत धाकलू लिहितो.

मी साताऱ्यात पतसंस्थेत कॅशवर बसते.
दुसऱ्याच्या हातात वही पाहिली
की उगाच चोरी पकडल्यासारखं होतं.

पाऊण तास लाँच शिवसागर कापत गेली.
बेट म्हणजे बुडालेल्या डोंगराचं डोकं,
करवंदीच्या जाळ्या, चार हिरडे,
तंबूपुरती सपाटी.
रात्री वारा. पिठलं करपलं, मग नूडल्स.
पोर झोपलं चांदण्याकडे तोंड करून
आणि आम्ही दोघं इतकं हळू बोललो
जितकं घरी कधी बोलत नाही.

सकाळी, खरं सांगते,
पाच डायपर पिशवीत भरले.
सहावा मात्र नको त्या वासाचा, नको त्या वजनाचा.
येताना कापूस होता, आता चिखलाचा गोळा.
नवरा बाळाला पाणी दाखवायला गेलेला.
करवंदीखाली मी उलथन्यानं खड्डा काढला
वीतभर, घाईघाईत.
वर माती, मातीवर पाला, पाल्यावर दगड.
मांजर झाकतं तसं.
मांजराचं निदान जिरतं.

धक्क्यावर वही उघडली.
बाटल्या अकरा. पुडे चोवीस,
कोपरे जुळवून बघतो तो, फाटक्या नोटेसारखे.
डबा एक. लंगोट पाच.
पेन्सिल थांबली.

"कुजेल हो मातीत," मी म्हटलं.
तो रागावला नाही. रागावला असता तर बरं.

"ताई, मीबी पुरायचो.
पिशवीमागं पन्नास रुपयं. लोक खूश, मी खूश.
काठाची माती मऊ, तितंच.
सात वर्सं.
मंग एका मे म्हयन्यात पानी लय खाली गेलं,
बेटाचं पाय उघडं पडलं
आन् माझं समदं खड्डं तोंड वासून.
पुड्यांचा रंग उडाला न्हवता, ताई.
तारीख वाचाया येत व्हती.
माझी म्हस काठानं चरत आली..."

म्हशीचं पुढं काय, ते त्यानं सांगितलं नाही.
कानावरची पेन्सिल काढली,
पुन्हा कानावर ठेवली.

डिझेल निम्मं-निम्मं.
बाळ आणि नवरा धक्क्यावर, चहाच्या टपरीत.
परतीची पाऊण तासाची वाट
त्या दिवशी कुणी लांबवली कोण जाणे.

दगड बाजूला पडलेला. कोल्हा असेल, नाहीतर रानडुक्कर.
डायपर फाडून ओढत नेलेला
आणि करवंदीच्या पानापानावर
त्याच्या पोटातले पांढरे, फुगलेले दाणे,
कुणी भिजवलेला साबुदाणा सांडावा तसे.

मी उकिडवी बसले. वेचायला लागले.
दाणे बोटांना चिकटतात, बोटांतून निसटतात,
काट्यांत शिरतात.
धाकलू एक शब्द न बोलता पलीकडून वेचत होता,
त्याची बोटं जाड, तरी माझ्याहून चपळ.
एका मुंगीनं एक दाणा उचलला.
तिच्या हातून घेणार कसा?

उन्हं कलली तेव्हा उठलो.
पिशवीत होतं तेवढं होतं.

लाँचमध्ये त्यानं वही काढली,
पाचावर रेघ मारून सहा लिहिणार, एवढ्यात
मी त्याचा हात धरला.
"साडेपाच लिहा."
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
या वहीत अपूर्णांक आजवर आला नव्हता,
कसा मांडतात, ते त्याला ठाऊक नव्हतं.
मी पेन्सिल घेतली.